केलेपीच्या तोंडचे अमर

"हात लावू नकोस, नेताने. झाकलंस की सगळ्यांना दिसतं."

केलेपी हे वाक्य मला, नेतानेला, इतक्या वेळा म्हणाला असेल की अजूनही मशीनवरची धूळ पुसायला घेतली की ते कानाशी येऊन बसतं. मशीन माझं होतं. पडदा माझा होता. खोबऱ्याची जुनी वखार, जिच्यात आम्ही शनिवारी दुपारी खिडक्यांना झाडाच्या सालीचं जुनं कापड ठोकून अंधार करायचो, तीही माझ्या सासऱ्यांची होती. पण सिनेमा केलेपीचा होता. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

पडद्यावरची माणसं इंग्रजी बोलायची. केलेपी पडद्याशेजारी खोक्यावर उभा राहून पत्र्याच्या कर्ण्यातून ते आमच्या बोलीत सांगायचा. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर होता, तिथे त्याने इंग्रजी अर्धंमुर्धं उचललं होतं. कळलं तेवढं सांगायचा आणि न कळलं तिथे घरचं घालायचा. घरचं जास्त चवदार असायचं. सगळ्या पात्रांना तो आपल्याकडची नावं द्यायचा, पण कुठल्यातरी लांबच्या बेटावरची, कुणाच्या घराण्याला लागू नयेत अशी. एकदा एका दरोडेखोराला त्याने चुकून पलीकडच्या गावातलं नाव दिलं, तर त्या गावची माणसं सिनेमा अर्धा टाकून उठली आणि होड्या वल्हवत घरी गेली. पुढे कित्येक महिने ती आली नाहीत.

आता हात लावण्याचं. आमच्याकडे वयात आलेले भाऊबहीण एका छपराखाली बसून थट्टामस्करी ऐकत नाहीत. प्रेमाबिमाची गोष्ट तर नाहीच नाही. आणि सिनेमात तर बाप्या आणि बाई जवळ आल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळे इतर बेटांवर मशीनवाला अशा वेळी भिंगासमोर हात धरतो. वखारीत अंधार होतो आणि त्या अंधारात सगळ्यांना तेच दिसतं, जे झाकलं ते. मग भाऊ उठून बाहेर जातात, बहिणी माना खाली घालून चटईच्या विणीत बोटं फिरवतात.

केलेपीने मला कधी हात धरू दिला नाही. तशी वेळ आली की तो कर्ण्यातून म्हणायचा, "ते सोडा, मागच्या घोड्याकडे बघा. सकाळपासून बांधलाय. कुणी पाणी तरी पाजलंय का त्याला?" आणि साऱ्या वखारीची नजर त्या घोड्यावर जायची. बायका चुकचुकायच्या. तोवर पुढचं दृश्य यायचं. हापाईच्या, म्हणजे आमच्या बेटसमूहाच्या, साऱ्या बेटांवर असं करू शकणारा दुसरा माणूस नव्हता.

बाकी तो साधा. यामच्या कंदांची बाग, डुकरं, रविवारी चर्चमध्ये सगळ्यात खालचा सूर. आणि त्याची थोरली बहीण तालाहिवा.

आई लवकर गेली तेव्हा तालाहिवानेच त्याला वाढवलं होतं. पण मोठे झाल्यावर दोघांत जे अंतर पडायचं ते पडलंच, आणि केलेपीने ते देवळातल्यासारखं पाळलं. दर वर्षी बागेतून निघालेला पहिला याम तो तिच्या दारात नेऊन ठेवायचा. आत पाऊल टाकायचा नाही. दाराशी एकदा खोकायचा आणि परत फिरायचा. आतून काही उत्तर यायचं नाही. यायचंही नसतं. मी तिच्या नवऱ्याकडचा, तिला वहिनी म्हणणारा. त्यामुळे मला तिच्याशी मोकळं बोलता यायचं आणि दोघांमधले निरोपही माझ्याच तोंडून जायचे.

तालाहिवा वहिनी वखारीत कधी येत नसे. भाऊ बोलतो तिथे बहीण कशी येणार? पण 'अग्निबेटाचे अमर' आला आणि गावात बोभाटा झाला की हा नुसता लढायांचा सिनेमा आहे, यात बाईसुद्धा कुऱ्हाड घेऊन लढते. मग ती आली. अगदी पुढच्या चटईवर, लेकीसुनांना घेऊन बसली. केलेपीने तिला पाहिलं आणि लगेच पडद्याकडे तोंड फिरवलं.

अमर म्हणजे जे मरत नाहीत. भाला आरपार गेला तरी थोड्या वेळाने उठून धूळ झटकणारे. त्यांच्यात कपाळावर व्रण असलेला एक उंच योद्धा होता, केलेपीने त्याला वाहा म्हटलं. आणि ती कुऱ्हाडवाली, ती लोसे. सिनेमा मध्यावर आला. रात्रीची शेकोटी, वाहाच्या खांद्यावर घाव, लोसे तो धुतेय, आणि दोघं एकमेकांकडे बघतायत. कसं बघतायत ते मला कळलं, साऱ्या वखारीला कळायच्या बेतात होतं. घोडा नव्हता. खिडकी नव्हती. नुसती शेकोटी आणि ते दोन चेहरे.

"हा तिचा सख्खा भाऊ," केलेपी म्हणाला.

वखारीने श्वास सोडला. आणि काय सांगू, तिथून तो सिनेमाच बदलला. सहाशे वर्षं एकमेकांच्या पाठीशी उभे राहिलेले भाऊबहीण! तो पडला की ती ढाल होते, ती पडली की तो. बायका हुंदके देऊन रडल्या.

सिनेमा संपला की आमच्याकडे कुणी लगेच घरी जात नाही. बाहेर फणसाच्या झाडाखाली गवतावर बसायचं आणि मतं द्यायची. ही खरी गंमत. कधी कधी सिनेमापेक्षा जास्त वेळ चालायची. त्या दिवशी मासे विकणारी म्हातारी पासेमाता पहिली बोलली.

"मला दया आली बाई त्यांची. मरायचंच नाही म्हणजे अंत्यविधी नाही. अंत्यविधी नाही म्हणजे चटयांचा आहेर नाही, डुकराचं जेवण नाही, चार माणसं येऊन रडणं नाही. सहाशे वर्षांत एकदाही सगळे नातेवाईक एका जागी नाही आले!"

"तेच तर सुख, मावशी!" कुणीतरी मागून ओरडलं.

"मरत नाहीत, मग लढाईत मजा काय?" गावप्रमुख म्हणाला. "हरायची भीतीच नाही."

वहिनी सगळ्यात शेवटी बोलली, आणि तीही माझ्याकडे बघून. "नेताने, सांग त्याला. असे भाऊबहीण मी पाहिले नव्हते. दुसरा भाग आला तर मला चुकवायचा नाही."

केलेपी झाडाच्या पलीकडच्या अंगाला पाठ करून बसला होता. त्याने मान हलवली.

त्यानंतर पाद्रीबाबांनीही सांगून टाकलं की या सिनेमाला भाऊबहीण एकत्र बसले तरी चालेल, उलट बसावंच. मुलांनी खेळात वाहा आणि लोसे आणले. एका घरात जुळी झाली, त्यांना तीच नावं ठेवली.

दुसरा भाग यायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात वहिनीच्या साखरेने तिच्या किडन्या खाल्ल्या. ऑकलंडला लेकीकडे जायचं ठरलं. तिथे मशीन आहे, रक्त धुवून देतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्या मशीनपासून माणूस मग लांब जाऊ शकत नाही. म्हणजे ती परत यायची नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

ज्या जहाजाने तिला न्यायचं, त्याच जहाजाने सिनेमाचे डबे आले. सकाळी यायचं ते जहाज वाऱ्यामुळे जेवणवेळेला लागलं. दिवस मावळायच्या आत परत निघणार होतं, म्हणजे वहिनीला सिनेमा दाखवायचा तर लगेच. एरवी नवा सिनेमा मी केलेपीला आदल्या दिवशी एकट्याला दाखवायचो, म्हणजे कुठे घोडा आहे ते त्याला कळायचं. यावेळी तेवढा वेळच नव्हता.

आम्ही दोघं धक्क्यावर उभे. वर कठड्याला टेकून फिलिमोने. हा आमच्याच गावचा, जहाजावर स्वयंपाकी. राजधानीत प्रत्येक सिनेमा आमच्याआधी बघायचा आणि पाय जमिनीला लागायच्या आधी मत द्यायला सुरुवात करायचा.

"पासंगालाही पुरत नाही!" तो वरून ओरडला. "पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही!"

"आधी पिठाची पोती उतरव, मग अक्कल उतरव," केलेपी म्हणाला.

"ऐक तर! पहिल्यात कशी, तलवारीला तलवार. यात सगळे बसून बोलतात. जगून जगून कंटाळा आला म्हणतात. अरे, तुमचा कंटाळा बघायला मी पैसे देऊ? शिवाय त्या व्रणवाल्याची अमरता जाते. का जाते? कुणाला माहीत! एक दिवस बोट कापतं आणि रक्त थांबत नाही. आणि शेवट तर केलाच नाही. तिसऱ्या भागात या म्हणे!" तो शिडीवरून उतरत आमच्यापाशी आला. "एक गोष्ट मात्र झकास. लग्न."

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"कुणाचं म्हणजे? व्रणवाल्याचं आणि कुऱ्हाडवालीचं. पहिल्या भागापासून जमलेलंच होतं की त्यांचं. आणि मग जो काही मुका घेतलाय, अर्धं थेटर उठून..." तो थांबला. आमचे चेहरे पाहिले असतील. "काय झालं?"

"इथे ते सख्खे भाऊबहीण आहेत," मी म्हणालो.

फिलिमोने हसायला लागला. मग हसू तोंडातच राहिलं. "असं कुणी सांगितलं?"

"मी," केलेपी म्हणाला.

"आणि तालाहिवा..."

"पहिल्या चटईवर."

फिलिमोनेने डोक्यावरची टोपी काढली. आमच्याकडे मयताला काढतात तशी.

डबे आम्ही हातगाडीवर घातले.  वखारीशी आल्यावर मी म्हणालो, "ते रीळ लावतच नाही. तुटलं म्हणतो."

"जहाजावरच्या निम्म्या लोकांनी पाहिलाय. फणसाखाली विचारतीलच, लग्नाचं काय झालं."

"मग सांग की राक्षसाने वाहाचा चेहरा पळवला. तो वाहा नाहीच, राक्षस आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे राक्षस भावाच्या तोंडाने बहिणीचा मुका घेतो? आणि ते मी ताईसमोर बोलू?"

"मग मी हात धरतो."

"नेताने." त्याने डबा खाली ठेवला. "झाकलंस की काय होतं?"

उत्तर मला पाठ होतं. सारं बेट त्याच्या शब्दावर भावाबहिणींना शेजारी बसवणार होतं. तिथे पडद्यावर भिंतीएवढा तो मुका आला तर तो नुसता मुका राहणार नव्हता. भाऊबहिणीचं असलं चित्र केलेपीने आपल्या बहिणीला दाखवलं, सगळ्यांदेखत, आणि तेही ती कायमची निघाली त्या दिवशी, असंच बोललं जाणार होतं. तिने तोंड फिरवलं असतं तर ते परत वळवायला पुढच्या वर्षीचा याम मिळणार नव्हता.

शेवटी त्याने बायकोला, सालोमेला, बहिणीकडे पाठवलं. निरोप असा की दुसरा भाग अगदीच टाकाऊ आहे, बघितलेले लोक शिव्या देतायत, तुम्ही प्रवासाच्या आधी पडून राहा.

सालोमे थोड्या वेळाने हसत परत आली. "वन्सं म्हणाल्या, तो बोलणार असेल तर वाईट कसा असेल? आणि म्हणाल्या, टाकाऊ आहे की नाही ते मी फणसाखाली सांगेन."

केलेपीने कमरेला मानाची रुंद चटई गुंडाळली. ती तो फक्त चर्चला आणि मयताला गुंडाळायचा.

वखार एवढी कधी भरली नव्हती. वर पत्रा तापलेला, खाली माणसांची वाफ आणि जुन्या खोबऱ्याचा वास. वहिनी आली ती दोन सुनांच्या खांद्यावर हात टाकून. पाय सुजलेले. तिला पुढच्या चटईवर बसवलं, पाठीला गाठोडं दिलं. ते तिच्या सामानाचंच गाठोडं होतं, इथूनच थेट धक्क्यावर जायचं म्हणून. मी खिडक्या बंद केल्या आणि मशीन सुरू केलं.

पहिल्या रिळात केलेपीचा आवाज नेहमीसारखा लागला. बर्फाच्या डोंगरावर अमरांची लढाई होती, ती त्याने अशी सांगितली की पोरं घोंगड्या मागायला लागली. दुसऱ्यात वाहाचं बोट कापलं, रक्त थांबेना. वखार सुन्न झाली. माझ्याकडे एकच मशीन, त्यामुळे रीळ बदलताना दार उघडून उजेड घ्यावा लागे आणि तेवढ्यात मतं सुरू होत.

"फारच बोलतात हो हे," गावप्रमुख. "मागच्या खेपेला एवढ्या वेळात तीन राजे मेले होते."

"बोलू दे की! सहाशे वर्षांनी पहिल्यांदा दुखलंय बिचाऱ्याला," पासेमाता म्हणाली. "आता कळेल, आम्हाला गुडघ्यात काय होतं ते."

"पण अमर मेला तर त्याला अमर का म्हणायचं? पैसे परत द्या!"

"तू आधी मागच्या वेळचे दे!"

हसण्याचा लोट उठला. मागे दाराशी फिलिमोने उभा होता, तो एकटा हसत नव्हता. केलेपी माझ्यापाशी आला, शहाळं तोंडाला लावलं.

"पुढचं रीळ लग्नाचं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"अजूनही हो म्हण. हात तयार आहे माझा."

त्याने ओठ पुसले आणि तो खोक्यावर जाऊन उभा राहिला.

तिसरं रीळ फुलांनी सुरू झालं. पांढऱ्या फुलांच्या माळा, लांब मेजं, भाजलेलं मांस, वाद्यं. मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे केलेपी, कुणाचं लग्न?"

"कळेल," केलेपी म्हणाला.

"नवरी दाखव की!"

"कळेल म्हटलं ना."

माळा घातलेली लोसे आली. मग वाहा. दोघं समोरासमोर उभे राहिले. वाहा काहीतरी इंग्रजीत म्हणाला. केलेपीने ते सांगितलं नाही. लोसे काहीतरी म्हणाली. तेही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वखारीत फक्त मशीनची खरखर आणि परकी भाषा ऐकू येत होती. कर्णा त्याच्या तोंडाशी होता, पण नुसताच. चेहरे मोठे होत गेले. आधी दाराएवढे, मग भिंतीएवढे. त्यांच्यातलं अंतर कमी होत होतं.

चटया कुरकुरल्या. डाव्या बाजूला एक तरुण अर्धा उठला, शेजारी त्याची बहीण होती. तिने हात तोंडाशी नेला. त्याच्यामागे आणखी दोघं उठायच्या बेतात. गावप्रमुखाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझा हात भिंगाच्या उंचीला आलेला होता, बोटांच्या कडा प्रकाशाने तापत होत्या.

ओठ टेकले.

तेवढ्यात पुढच्या चटईवरून खोकल्याचा आवाज आला. एकदाच. दाराशी याम ठेवून माणूस खोकतो तसा.

"निरोप आहे हा," तालाहिवा वहिनी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. तिला मोठ्याने बोलायची गरजच नव्हती. थोरली बहीण ती, सगळ्या मेजवान्यांत पहिला घास तिचा. ती बोलली की चार घरं गप्प होत.

"भाऊ निघालाय. अमरपण गेलं त्याचं, आता तो फिरून यायचा नाही. म्हणून एवढी माणसं जमलीत, म्हणून फुलं." ती थांबली, दम खाल्ला. "आणि गोऱ्यांना आपल्यासारखं गालाला नाक लावून निरोप घेता येत नाही. ते असंच करतात. बिचारे."

 मग पासेमाता म्हणाली, "तरीच! मी म्हणते, यांना नाक कुठे लावायचं तेच कळत नाही!" आणि सारी वखार हसली. हसता हसता पलीकडच्या बायका रडायला लागल्या, धक्क्यावर रडतात तशा. अर्धा उठलेला तरुण खाली बसला. बहिणीने तोंडावरचा हात काढला.

मी हात खाली घेतला. मी तिथे मागे उभा होतो, मला केलेपीचा चेहरा दिसत होता. पडद्याचा उजेड त्याच्यावर पडलेला. तेव्हा मला उमगलं, आणि त्यालाही माझ्याआधी उमगलं होतं, की तिला त्या दोघांचं खरं नातं शेकोटीपाशीच समजलं होतं. पहिल्या भागात. तिने त्याचा शब्द दोन वर्षं जपून ठेवला होता.

त्याने कर्णा नीट धरला.

"वाहा म्हणतो," तो सांगायला लागला, आणि आवाज त्याच्या चर्चमधल्या सुराएवढा खाली गेला होता. "वाहा म्हणतो, थोरले, मी तुझ्या दारात दर वर्षी पहिला याम ठेवला. आत कधी आलो नाही. खोकून परत गेलो. पण निघताना वाट मुद्दाम तुझ्या खिडकीवरून काढायचो. तू चूल फुंकताना खोकायचीस. तेवढं ऐकलं की मला वर्षभर पुरायचं."

पडद्यावर बर्फ होता. त्या देशात याम कुठून आला, असं कुणी विचारलं नाही.

"लोसे काय म्हणते?" मागून कुणीतरी, हलकेच.

केलेपीने कर्णा खाली घेतला. पुढच्या चटईकडे त्याने पाहिलं नाही, पाहायचं नसतं. वहिनीनेही पडद्यावरची नजर हलवली नाही.

"लोसे म्हणते," ती म्हणाली, "याम चांगले होते."

शेवटचं रीळ लढायांचं होतं. केलेपीने सगळं उट्टं काढलं. पत्रा हादरला. आणि मग, फिलिमोने म्हणाला होता तसंच, समुद्राच्या तळाशी मेलेल्या राक्षसाने डोळा उघडला आणि पडदा पांढरा झाला. वखारीत दंगा उसळला.

फणसाखाली मतं सुरू झाली तेव्हा जहाजाचा पहिला भोंगा वाजून गेला होता.

"हा काय शेवट झाला?"

"शेवट कुठे, शेपूट सोडलंय."

"मला तर पहिल्यापेक्षा आवडला. त्यात नुसतं मारत होते. यात निघून जाणं आहे," वहिनीची एक सून म्हणाली.

"तुला निघून जाणं आवडतं, तुझी सासू चाललीय म्हणून!"

फिलिमोनेला राहवेना. "पण राजधानीत तर असं नव्हतं," तो म्हणाला. "तिथला सांगणारा म्हणत होता की..."

गावप्रमुख त्याच्याकडे वळला. "तिथला सांगणारा किती वर्षांचा आहे?"

"असेल पंचविशीचा."

"बहीण आहे त्याला?"

"नाही वाटतं."

"मग त्याला काय कळणार? तू जाऊन भात बघ."

फिलिमोनेने तोंड मिटलं. मी त्याला त्याआधी किंवा त्यानंतर कधी तोंड मिटलेलं पाहिलं नाही.

वहिनी उठायला लागली तशी सगळे थांबले. तिचं मत बाकी होतं. ती सुनांचा आधार घेऊन उभी राहिली, माझ्याकडे बघून बोलली. केलेपी तिच्यापासून चार हातांवर, झाडाला पाठ देऊन.

"नेताने, सांग त्याला. पहिला भाग बरा होता. यात सांगणारा मध्येच थांबला."

मी वळून म्हणालो, "पहिला बरा होता म्हणतायत. तू थांबलास म्हणे."

"सांग त्यांना," केलेपी म्हणाला, "घशात धूर गेला."

"धूर गेला म्हणतो, वहिनी."

"मशीन साफ ठेवत जा मग," ती मला म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. "आणि हेही सांग. तिकडे तिसरा भाग आला तर लेक मला दाखवेल. पण तिकडे नुसतं बघायचं असतं. सांगायला कुणी नसतं."

हे मला वळून सांगता आलं नाही. त्याने ऐकलंच होतं.

दुसरा भोंगा वाजला. सुनांनी तिला धरलं आणि ती धक्क्याच्या वाटेला लागली, सुजलेल्या पायांनी, थांबत थांबत. गाठोडं झाडाखालीच राहिलं होतं. तिचा एक मुलगा ते उचलायला वाकला, तर केलेपी पुढे झाला आणि त्याने ते आपल्या खांद्यावर घेतलं. वर तिची गुंडाळलेली चटईही.

तो लगेच निघाला नाही. ती वळणावरच्या विहिरीपर्यंत जाईपर्यंत थांबला, मधलं अंतर पुरेसं होईपर्यंत. मग चालायला लागला. ती थांबली की थांबायचा. ती चालली की चालायचा. मधे तेवढीच वाट, कमीही नाही आणि जास्तही नाही. एका ठिकाणी ती खोकली. तो तसाच उभा राहिला, गाठोडं खांद्यावर, आणि मग पुढे निघाला.

आम्ही कुणी मागे गेलो नाही. वखारीच्या पायरीवरून मी बघत होतो, शेजारी पासेमाता, गावप्रमुख, आणि हातात टोपी घेतलेला फिलिमोने, ज्याचं जहाज त्याच्यासाठी थांबलं होतं.